चौदा बहादूर

रत्नागिरीत राहून हे बोलू नये, पण मला हापूस आंब्याची किळस येते. नुसता वास आला तरी मी तोंड फिरवते. मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं गाड्या भरून येतात, आंब्याला नाक लावून डोळे मिटतात, आणि मी लांब उभी राहून बघते. त्यांना कुठे झाडाखालचा जून महिना माहीत असतो! पडलेले, फुटलेले, माश्या बसलेले, अळ्या वळवळणारे आंबे, आणि त्या राड्यातून घमेलं घेऊन फिरणारी मी. तो गोड कुजका वास केसांत जाऊन बसतो. तीनदा साबण लावला तरी निघत नाही.

माझं नाव लछिमा बोहरा. माहेर आणि सासर दोन्ही नेपाळात, अछाम जिल्ह्यात. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा नवऱ्याच्या मागून इथे आले, त्याला आता एकोणीस वर्षं होतील. नवरा पदम हा श्यामभाऊंच्या बागेचा राखणदार. पूर्णगडच्या अलीकडे कातळाच्या सड्यावर भाऊंची चारशे कलमं आहेत, मधोमध चिऱ्याचा मांगर आहे, त्या मांगरात आमचा संसार. फवारणी, खत, गवत काढणं, माकडं हाकणं, जाळीच्या झेल्याने आंबे उतरवणं, पेटीत पेंढा घालून ते भरणं, सगळं आम्हीच करतो. पावसाळ्यात बाकीच्या बागांतले नेपाळी आपापल्या गावी जातात. आम्ही जात नाही. पावसात कुंपण कोण बघणार?

पदमचं नाव पदम आहे हे गावात तिघाचौघांना ठाऊक असेल. बाकी सगळे त्याला बहादूर म्हणतात. इथे नेपाळी म्हटला की तो बहादूर. शेजारच्या बागेत टेकबहादूर म्हणून एक आहे, तो खरोखरचा बहादूर, तर त्याला लोक 'दुसरा बहादूर' म्हणतात! माझं नाव कोणाच्या जिभेला वळलं नाही. भाऊंच्या उमावहिनी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "लछिमा म्हणजे लक्ष्मीच की गं." झाले लक्ष्मी. गावात मात्र मी गुरखीण.

लोक मला हौसेने विचारतात, मोमो येतात का करायला? मी आयुष्यातला पहिला मोमो रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी गाडीवर बघितला. पांढरंफटक पीठ आणि आत कोबी. मला मोदक येतात, घावणे येतात, तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं येतं. ते कोणी विचारत नाही. कोरोनाच्या वर्षी एका बाईने तोंडाला पदर लावून विचारलं, तुम्ही चीनच्या बाजूचे ना? तिनेच पुढच्या वर्षी विचारलं, तुमच्यात कुत्री खातात का हो? माझ्या सासऱ्यांनी जन्मात कोंबडीसुद्धा खाल्ली नाही. हे मी तिला सांगितलं नाही. सांगून काय, तिने तेही चार घरी हसत सांगितलं असतं.

एवढं सगळं मी गिळत आले. गिळायला जड जात नव्हतं, कारण पोरगी शिकत होती.

मनस्वी इथेच जन्मली. नावही उमावहिनींनी ठेवलं. गावच्या शाळेत शिकली, निबंधात पहिली यायची, आणि यंदा विज्ञान शाखेतून अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. ती आठवीत असताना पदमच्या पायाला कोयता लागला, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या नर्सने टाके कसे घातले ते तिने पापणी न हलवता पाहिलं होतं. तेव्हापासून तिचं एकच चालू. माझंही एकच होतं, की ह्या पोरीच्या केसांत आंब्याचा वास बसता कामा नये.

रत्नागिरीतल्या एका नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. तिथल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "नेपाळचे असलात तरी अडचण नाही. पण स्थानिक म्हणून जागा हवी तर दोनातलं एक आणा. आई-वडील दहा वर्षं सलग इथे राहतात असा ग्रामपंचायतीचा दाखला, नाही तर जिल्ह्यातला कोणी पालक, ज्याच्या घरी मुलगी राहते आणि जो तिची जबाबदारी लिहून देईल. दहा दिवस आहेत. नंतर जागा पुढच्या मुलीला जाईल."

मी म्हटलं, "शाळेचा दाखला आहे की. पहिलीपासून बारावीपर्यंत."

"शाळा मुलीचं सांगते. तुमचं दोघांचं कोण सांगणार?"

मला हसू आलं. आमचं कोण सांगणार? आख्खा गाव सांगेल! ग्रामसेवकाकडे गेले, तर तोही हसला. म्हणाला, "भाऊंचं दोन ओळींचं पत्र आणा, की अमुक सालापासून माझ्या बागेत राहतात. त्यावर मी दाखला देतो. तुम्ही काय, त्यांच्या घरच्याच."

भाऊ म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. घर खाली गावात, फरशी घातलेलं, दारावर कॅमेरा. माणूस गोड. एकोणीस वर्षांत त्यांनी आमच्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. मी गेले तेव्हा ते पडवीत पेपर वाचत होते.

"ये ये, लक्ष्मी! मनस्वीचं कळलं हो. आपल्या वाडीतली पहिली नर्स! अगं उमा, लक्ष्मीला तोंड गोड करायला आण काहीतरी."

वहिनींनी आंबापोळी आणली. नाही म्हणता येईना. तो चिकट तुकडा दातांत घेऊन मी म्हटलं, "भाऊ, दोन ओळी लिहून हव्या होत्या." आणि काय ते सांगितलं.

"एवढंच ना? मी सांगतो ग्रामसेवकाला. तोंडी सांगितलं की झालं. माझा शब्द चालत नाही काय गावात?"

"कागद मागतात, भाऊ."

"हं. कागद." त्यांनी पेपराची घडी घातली. घडीवर पुन्हा घडी घातली. "तुला म्हणून सांगतो, कागदाचं कसं असतं, एकदा दिला की तो आपला राहत नाही. बाग आता आमच्या चिरंजीवांच्या, अपूर्वच्या नावावर आहे. त्याला पुण्याला फोन करायला हवा. वकिलांनाही एकदा विचारतो. तू काळजी नको करू. घरचीच आहेस तू."

पुढच्या सहा दिवसांत मी तीनदा गेले. एकदा अपूर्व मीटिंगमध्ये होता, दोनदा वकील बाहेरगावी. तिन्ही वेळेला चहा मिळाला.

मला कळेना, दोन ओळींना एवढं काय. ते मला जनीने सांगितलं. जनी खालच्या वाडीतली, माझ्याबरोबर बागेत गवत काढायला येते, साठीची आहे आणि तोंडाची सैल आहे. विळा थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

"येडी का काय तू? त्यो तुला कागद देल व्हय? तुमी इतकी वर्सं हितं ऱ्हाताव असा त्याच्या हातचा लिवलेला झाला, म्हंजे उद्या तुमी कूळ लावशाल."

"कसलं कूळ?"

"जमीन कसतो त्याची जमीन. माज्या सासऱ्याला तशीच भेटली ना. कागदावर नाव हुता म्हनून भेटली. तवापासनं ह्यांनी धसका घेतलाय. गडी कितीबी वर्सं ऱ्हाऊ दे, नाव म्हनून कागदावर येऊ द्यायचा नाय."

"आम्ही नेपाळचे. आम्हाला कोण जमीन देतंय?"

"ता तुला ठावं नि मला ठावं. त्याच्या पोटात भ्या हाय, त्याला कोन काय करनार?" आणि ती परत गवत कापायला लागली.

मला इतकी शिसारी आली की विळा खाली ठेवला. माझ्या पोरीच्या तीन वर्षांच्या शिक्षणापुढे हा माणूस चारशे कलमांची राखण करत होता, आणि तीही माझ्यापासून! बाहेरून पिवळाधमक आणि कापला की आत पांढरा भुसभुशीत साका, असा आंबा निघतो ना, तसा हा. आणि असल्या आंब्याला वरून वास छानच येतो.

मग मला पोलीस ठाण्याची आठवण झाली. हंगामाच्या आधी बागमालकाने आपल्याकडच्या नेपाळी कामगाराची नोंद पोलिसांत द्यायची असते. फोटो लावलेला अर्ज, त्यावर मालकाची सही, कामगाराची सही. दर ऑक्टोबरात पदम शर्ट बदलून भाऊंच्या स्कूटरवर मागे बसून जायचा, मीच शर्ट धुऊन द्यायचे. म्हणजे कागद होताच की! एक नाही, वर्षाला एक. भाऊंच्या दोन ओळी गेल्या खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी ठाण्यात.

तिथे दीपाली म्हणून एक महिला पोलीस होती. मी बोलायला लागल्यावर तिने दोनदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. हे नेहमीचं आहे. चेहरा एक सांगतो आणि बोली दुसरं. पण मुलीच्या ॲडमिशनचं ऐकल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही, मागच्या खोलीत गेली आणि तासाभराने शिंकत बाहेर आली. हातात अर्जांचा गठ्ठा.

"दोन हजार अकराच्या आधीचं सगळं वाळवीने खाल्लं, ताई. पण अकरापासून आहेत. चौदा."

चौदा! दहाच हवे होते. मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला.

तिने पहिला अर्ज टेबलावर ठेवला. कोपऱ्यात पदमचा फोटो, काळी मिशी, मी धुतलेला निळा शर्ट. अक्षर भाऊंचं, मोत्यासारखं. खाली लिहिलं होतं: 'नाव: हरीबहादूर. राहणार: नेपाळ. कामावर हजर: ऑक्टोबर २०११. आधीचा कामगार: गावी गेला, परत येणार नाही.'

मला वाटलं चुकून दुसऱ्याचा अर्ज आला. पण फोटो पदमचा. दीपालीने दुसरा काढला. त्यात रामबहादूर, हजर ऑक्टोबर २०१२. आधीचा कामगार गावी गेला, परत येणार नाही. फोटो पदमचा. तिसरा दानबहादूर. चौथा मानबहादूर. त्यापुढे भाऊंना नावं शोधायचा कंटाळा आला असावा, कारण मग नुसतं 'बहादूर', 'बहादूर', 'बहादूर' असं चौदापर्यंत. मिशी हळूहळू पिकत गेलेली, गाल बसत गेलेले, आणि दर वर्षी तो नुकताच आलेला. जुना गेला, परत येणार नाही. नवा आला.

मी चौदा वर्षांत चौदा नवऱ्यांना जेवायला वाढत होते म्हणायचं.

"मालकाने केलंय हे," मी म्हटलं. "लबाड माणूस!"

 दीपालीने अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे कामगाराची सही होती. अंगठा नव्हे, सही. 'हरीबहादूर'. 'रामबहादूर'. 'दानबहादूर'. र ची शेपटी लांब ओढलेली. ती शेपटी मी ओळखते. लग्नाआधी त्याने मला दोन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या.

आमची लिपी हीच आहे. नेपाळी काय, मराठी काय, अक्षरं तीच. पदम सहावी शिकलेला आहे. त्याला वाचता आलं नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

"ताई, हा एकच माणूस आहे हे मला दिसतंय," दीपाली हळू म्हणाली. "पण मी तसं लिहून दिलं तर पहिला प्रश्न तुमच्या नवऱ्याला येईल. खोट्या नावाने सह्या त्याच्या आहेत. मालक म्हणेल, त्याने सांगितलं तेच नाव मी लिहिलं."

तिने मला मोबाईलवर फोटो काढू दिले. तेवढंच तिच्या हातात होतं.

मी बागेत परत आले तेव्हा पदम कुंपणाची तार ताणत होता. मी मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. आम्ही दोघं आपसात आमच्याच बोलीत बोलतो, पण त्या दिवशी माझ्या तोंडून मराठी आलं. शिव्या मला मराठीतच चांगल्या येतात.

"हे काय आहे?"

त्याने पाहिलं. एक, दोन, तीन फोटो पाहिले आणि पुन्हा पक्कड हातात घेतली.

"वाचता येत नव्हतं तुम्हाला?"

"येत होतं."

'नव्हतं' म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या पायापाशी थुंकले. नवऱ्यापुढे असं मी कधी केलं नव्हतं.

"भाऊ म्हणाले, दर वर्षी नवा माणूस दाखवला की भानगड नाही," तो म्हणाला. "सही करायची नसेल तर खरोखरच नवा आणतो, म्हणाले. हसत म्हणाले, पण म्हणाले. मनस्वी तेव्हा चार वर्षांची होती. बालवाडीत जायला लागली होती. कुठे नेली असती तिला?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू भांडली असतीस."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. एवढा मोठा माणूस, माकडांच्या टोळीवर एकटा धावून जाणारा, रात्री चोरांच्या मागे कोयता घेऊन पळणारा, आणि दर वर्षी शर्ट बदलून आपलं नाव टाकून यायचा! वर घरी येऊन भात मागायचा. त्या दिवशी त्याला वाढताना माझा हात पुढे होईना. ताटली त्याच्यासमोर सरकवली आणि बाहेर येऊन बसले. त्याचं जेवण, त्याचं चावणं, काही बघवत नव्हतं.

मनस्वीला मी यातलं काही सांगितलं नाही. बापाबद्दल तिला जे वाटतं ते वाटू दे म्हटलं. मुदतीला एक दिवस उरला होता. मोबाईल घेऊन मी भाऊंकडे निघाले, तर ती म्हणाली, मीपण येते. तिला नको म्हणायला कारण नव्हतं.

ती वहिनींशी बोलत आत गेली, तेवढ्यात मी भाऊंना फोटो दाखवले. मला वाटलं होतं, माणूस निदान खाली बघेल. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि माझा मोबाईल मला परत दिला.

"पद्धत आहे गं ती. सगळेच बागायतदार करतात. त्यात तुमचं काही वाईट झालं का? एकोणीस वर्षं सुखात आहात ना?" मग एकदम खुलले. "आणि तुझं काम मी केलंय. काल रात्री बसून लिहून काढलं. मनस्वी, ये गं बाहेर. वाच बघू मोठ्याने, तुझं वाचन चांगलं आहे."

त्यांनी दोन कागद काढले, तेच मोत्यासारखं अक्षर. मनस्वी उभी राहून वाचायला लागली, शाळेत वाचायची तशी, खणखणीत. "'कु. मनस्वी ही लहानपणापासून माझ्या घरी राहत असून तिच्या शिक्षणाची व राहण्याची जबाबदारी मी स्थानिक पालक या नात्याने घेत आहे. तिचे आई-वडील...'"

ती थांबली.

"वाच ना," भाऊ म्हणाले.

"'तिचे आई-वडील नेपाळ येथे कायम वास्तव्यास आहेत.'"

दुसरा कागद आमचा होता. आम्ही दोघं अछामला राहतो, आमची मुलगी श्री. श्यामभाऊंच्या हवाली करत आहोत, आमची हरकत नाही. खाली आमची दोघांची नावं, खरी, पदम बोहरा आणि लछिमा बोहरा. एकोणीस वर्षांत भाऊंनी आमची नावं पहिल्यांदा बरोबर लिहिली होती, आणि तीही आम्ही इथे नाही हे सांगायला.

"आम्हाला मुलगी नाहीच," वहिनी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांना खरंच रडू आलं होतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

"हे खोटं आहे, आई," मनस्वी म्हणाली.

"कागदावरचं आहे गं ते, बाळा," भाऊ म्हणाले. "कागदावरचं खोटं आणि तोंडावरचं खोटं यात फरक असतो. तुला नर्स व्हायचंय ना?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार ह्याची ती वाट बघत होती. मी भांडखोर, मी जिभेची तिखट, सगळ्या सड्याला माहीत आहे. ती वाट बघत होती की आई आता हे कागद फाडेल आणि भाऊंच्या तोंडावर फेकेल. मलाही तेच हवं होतं. हात शिवशिवत होते. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता ती जागा पुढच्या मुलीला गेली असती, आणि परवा माझी मुलगी घमेलं घेऊन झाडाखाली आली असती.

मी पेन मागितलं.

सही करायला मला वेळ लागतो. भाऊ म्हणाले, सावकाश, घाई नाही. पदमच्या चौदा सह्यांवर मी थुंकले होते. माझी एकच पुरली. घरी येऊन कागद पदमपुढे ठेवला, त्याने वाचला आणि खाली नाव घातलं. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून जेवलो, कारण आता कोणी कोणाकडे कुठल्या तोंडाने बघणार?

मनस्वीला जागा मिळाली. होस्टेलही मिळालं. भाऊंनी गावात पेढे वाटले. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा तिच्याबरोबरचा फोटो आला, खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली, कोणी लिहिलं, 'गुरुजी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून.' ते जनीने मला नातवाच्या फोनवर दाखवलं आणि म्हणाली, "तूबी टाक गो काय तरी. नायतर वाईट दिसंल."

ऑगस्टात एका रविवारी मी घावणे केले, सोबत खोबऱ्याची चटणी, आणि तिला भेटायला गेले. पदमला कुंपण सोडून येता आलं नाही. पाऊस कोसळत होता. एसटीतून उतरून चालत होस्टेलला पोचेपर्यंत साडी गुडघ्यापर्यंत चिंब. दारातच टेबल होतं, त्यावर भेटीची वही, पलीकडे रेक्टरबाई. त्यांनी पेन पुढे केलं.

"कोणाला भेटायचंय?"

"मनस्वी बोहरा."

"हां, ती हुशार मुलगी. तिचे आई-वडील नेपाळला असतात ना? तुम्ही कोण?"

मी वहीत माझं नाव लिहिलं होतं. पुढे 'कोणाला भेटायचे' होतं, तिथे मनस्वीचं नाव लिहिलं होतं. त्यापुढे 'नाते' असा रकाना होता. माझं पेन त्या रकान्यावर थांबलेलं. आई लिहिलं तर आई नेपाळात आहे. मी सही करून दिलीये.

"अहो, लिहा ना. मागे लोक आहेत."

तेवढ्यात जिन्यावरून चपलांचा आवाज आला. मनस्वी उतरत होती, पांढऱ्या कोटात, केस घट्ट बांधलेले. इतकी चांगली दिसत होती. मला बघून तिचं तोंड उघडलं, 'आई'मधला 'आ' ओठांवर आलाच होता. मग तिला वही दिसली, वहीवरचा माझा हात दिसला, रेक्टरबाई दिसल्या. माझी पोरगी हुशार आहे. एका पायरीइतकाच वेळ तिला लागला.

"अगंबाई, मावशी!" ती मोठ्याने म्हणाली. "एवढ्या पावसात तुम्ही कशाला आलात?"

भांडी घासायला येते तिलाही मावशी म्हणतात आणि आईच्या बहिणीलाही. रेक्टरबाईंनी त्यातली कुठली धरली कोण जाणे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नेपाळी वाटतच नाही हो तुम्ही बोलता तेव्हा. बसा तिकडे बाकावर."

मावशी मी चालवून घेतली असती. पण ते 'तुम्ही'! जन्मल्यापासून तिने मला 'तू' सोडून दुसरं काही म्हटलेलं नाही. आईला कोणी 'तुम्ही' म्हणतं का? ती माझ्यासमोर उभी होती, डोळे भरलेले आणि चेहऱ्यावर हसू तसंच धरून ठेवलेलं, आणि ते धरून ठेवणं तिला कोणी शिकवलं हे मला माहीत होतं.

मी रकान्यात 'मावशी' लिहिलं, आणि पुढे सही केली.